माणसं जागेवर, देश बदलला: छिटमहलांची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.)

आज ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि पश्चिम बंगालच्या वरच्या भागात, कूचबिहारजवळ झूम करा. भारत आणि बांगलादेशची सीमा दिसेल. वाकडीतिकडी आहे, पण आहे जवळपास एकच रेघ. ३१ जुलै २०१५ पर्यंत हाच नकाशा गोवर आल्यासारखा दिसायचा. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ ठिपके आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. त्या ठिपक्यांना तिकडे म्हणतात छिटमहल. छिट म्हणजे तुटून पडलेला तुकडा.

गेल्या शंभर वर्षांत देशांच्या सीमा किती बदलल्या, हा आजचा विषय. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा ५१ देश सभासद होते, आज १९३ आहेत. साम्राज्यं गेली, वसाहती स्वतंत्र झाल्या, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया फुटले. पण ही यादी मी वाचत बसणार नाही, ती तुम्हाला कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं. सीमा बदलते म्हणजे त्या जागी राहणाऱ्या माणसाचं नेमकं काय बदलतं? त्यासाठी छिटमहलांसारखं दुसरं उदाहरण नाही.

आधी हे ठिपके आले कुठून ते बघू. तिकडे एक दंतकथा आहे: कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायचे आणि पणाला गावं लावायचे. ऐकायला मस्त, पण खरं कारण साधं आहे. कूचबिहारचं राज्य आणि मुघल यांच्यातल्या लढाया अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तहाने थांबल्या, तेव्हा ज्याच्या माणसांच्या ताब्यात जी गावं होती ती त्याच्याकडेच राहिली. तेव्हा कुणाला त्रास नव्हता. सारा कुणाला भरायचा, एवढाच काय तो फरक. गावातून गावात जायला पासपोर्ट लागत नव्हता.

मग आलं १९४७. सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज वकील जुलैमध्ये भारतात आले, आणि पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर रेघ मारून झाली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी! रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेलं. कूचबिहार हे संस्थान होतं, ते १९४९ मध्ये भारतात आलं. आणि जुन्या साऱ्याच्या हद्दी एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या.

आता हे नीट ऐका. दहाला खागराबारी नावाचं भारताचं एक शेत होतं, दोन एकरांपेक्षाही लहान. ते होतं बांगलादेशाच्या तुकड्यात. तो तुकडा भारताच्या तुकड्यात. आणि तो भारताचा तुकडा बांगलादेशात! जगात अशी दुसरी जागा नव्हती.

हसू येतं ना? पण तिथे राहणाऱ्याचा विचार करा. तुम्ही कागदावर भारतीय आहात, पण चारही बाजूंना बांगलादेश. भारतात जायचं तर आधी परका मुलूख ओलांडायचा. त्यासाठी व्हिसा हवा. व्हिसासाठी पासपोर्ट हवा. आणि पासपोर्ट काढायला भारतातल्या ऑफिसात जायला हवं. म्हणजे कायदेशीर व्हायचं असेल तर आधी बेकायदा सीमा ओलांडा. शाळा नाही, दवाखाना नाही, चोरी झाली तर पोलीस नाही. विजेच्या तारा बाजूच्या गावात जायच्या, यांच्या घरात अंधार. मुलांना शाळेत घालायचं तर बाहेरच्या गावातल्या कुणाला तरी कागदोपत्री बाप दाखवायचा. बाळंतपणाला दवाखान्यात जाणारी बाई नवऱ्याचं नाव खोटं सांगायची. आपल्याच लेकराच्या कागदावर परक्याचं नाव, यापेक्षा सीमेची मोठी किंमत काय असेल?

अशा तुकड्याचा जीव अडकतो तो रस्त्यात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांची, पण चहूबाजूंनी भारत. दमणहून तिथे जायचं तर भारतातूनच जायला लागायचं. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी तो भाग मुक्त केला. त्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९६० मध्ये निकाल लागला: साध्या नागरिकांना जायला वाट होती, पण सैन्य आणि हत्यारं न्यायचा हक्क पोर्तुगालला नव्हता. रस्ता दुसऱ्याचा असेल, तर नकाशावरच्या मालकीला फारसा अर्थ उरत नाही.

परत कूचबिहारला येऊ. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्येच करार केला होता: तुमचे तुकडे तुम्ही घ्या, आमचे आम्ही घेतो. बांगलादेशाने त्याच वर्षी मंजुरी दिली. मग भारताला ४१ वर्षं का लागली? कारण आपला कायदा. बेरुबारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये सांगितलं होतं की देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती करावी लागेल. आणि हिशेब भारताच्या तोट्याचा दिसत होता. सुमारे १७ हजार एकर द्यायचे, ७ हजार एकर मिळायचे. ‘देशाची जमीन देऊन टाकली’ हा आरोप अंगावर घ्यायला कोण तयार होणार? खरं म्हणजे त्या १७ हजार एकरांत आपला तलाठीसुद्धा कधी पोचत नव्हता.

२०११ मध्ये दोन्ही देशांनी मिळून पहिल्यांदा तिथली माणसं मोजली. भरली ५१,५४९. मग मे २०१५ मध्ये संसदेने एकमताने शंभरावी घटनादुरुस्ती केली. ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली, आणि वस्त्यांमध्ये ६८ वर्षांसाठी ६८ मेणबत्त्या पेटल्या.

कुठला देश हवा, हे प्रत्येकाला विचारलं गेलं. भारतातल्या बांगलादेशी तुकड्यांत १४ हजारांवर लोक होते. सगळ्यांनी भारत निवडला. बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यांत ३७ हजारांवर होते. त्यातले हजाराच्या आसपास भारतात आले, बाकीच्यांनी तिथेच राहून बांगलादेशी व्हायचं ठरवलं. का? शेत तिथे, घर तिथे, सोयरे तिथे. जे आले त्यांचं पुढचं आयुष्य सुरू झालं दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या पत्र्याच्या छावण्यांत, आणि मागे सोडलेल्या जमिनीची काळजी सोबत आली. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही.

मला या गोष्टीत सर्वात महत्त्वाचं काय वाटतं, सांगू? सीमा बदलली म्हणतो तेव्हा आपण नेहमी किती जमीन आली नि किती गेली ते मोजतो. इथे दहा हजार एकर ‘गेले’, पण पन्नास हजार माणसांना देश मिळाला. बहुतेकांनी तर घरही बदललं नाही. बदललं इतकंच की मतदार यादीत नाव आलं आणि मुलाच्या दाखल्यावर खऱ्या बापाचं नाव लागलं. पुढच्या वेळी जगात कुठे सीमेचं भांडण ऐकाल, तेव्हा ‘किती चौरस किलोमीटर’च्या आधी एक प्रश्न विचारा: तिथे कोण राहतं, आणि त्यांना कुणी विचारलं का?

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात कुणाच्या आठवणीत सीमा बदलल्याची गोष्ट असेल, गोव्याची, सिंधची, कुठलीही, तर आजी-आजोबांना विचारा आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!