संसाराच्या खर्चात कुणाचा किती वाटा?

(विहाराच्या वर्षावास मालिकेत एका रविवारी केलेले भाषण)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, घरखर्च. ते म्हणाले, "दादा, वर्षावासात घरखर्च?" आम्ही म्हटले, का नाही? भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. नवऱ्याची पाच कर्तव्येही तिथेच आहेत, आणि घरातला अधिकार बायकोच्या हाती द्यावा हे त्यातले एक. म्हणजे विषय विहाराबाहेरचा नाही. पण दोघेही कमावतात आणि दोघांची कमाई सारखी नाही, तेव्हा खर्च कसा वाटायचा हे आपले आपल्यालाच बसवावे लागते. आमचे बसायला बरीच वर्षे लागली आणि मध्ये मोठी चूक झाली. ती चूकच आज सांगायची आहे.

आधी आईचे सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात. पगार बंद झाला. आई चार घरची धुणीभांडी करी, रात्री पापड लाटी. खोलीचे भाडे, रेशन, आमच्या वह्या, सगळे तिच्या पैशावर. आणि घरी कुणी आले की वडील सांगायचे, "हिचा हातभार लागतो." अहो, हातभार कसला? सगळा भारच तिच्या हातावर होता! वडील वाईट नव्हते. त्यांना दुसरा शब्दच माहीत नव्हता. पुरुषाचा पैसा म्हणजे पगार आणि बाईचा पैसा म्हणजे हातभार, हेच डोक्यात घेऊन आम्ही मोठे झालो.

पुढे आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो, रिंगखात्यात कायम झालो. शिक्षण नववीपर्यंत. बाकीचे चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलनी शिकवले. २०११ साली आमच्या पत्नीला एका दवाखान्यात आयाचे काम मिळाले, कंत्राटी. हातात सहा हजार. आमचा पगार तेव्हा पंधरा हजार. आम्ही पडलो समतेचे कार्यकर्ते! पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकले, "आपण दोघं समान. आजपासून खर्च निम्मा-निम्मा." महिन्याचा खर्च होता साडेदहा हजार. तिने सव्वापाच हजार मोजून दिले. तिला बरेच वाटले असावे, कारण आता तिला कुणी हातभार म्हणणार नव्हते.

आता हिशोब बघा. निम्मे देऊन आमच्या खिशात उरले पावणेदहा हजार. तिच्या हातात उरले साडेसातशे. महिनाभराचा बसचा पास, चहा, गावाकडे तिची आई, सगळे त्यात. ती दवाखान्यात चालत जायला लागली. आम्हाला म्हणायची, "चालल्याने तब्येत बरी राहते." आम्ही ते खरे मानले. खरे मानणे सोयीचे होते ना!

त्या वर्षी ६ डिसेंबरला आम्ही आठशे रुपयांची पुस्तके घेऊन आलो. रात्री जेवण झाल्यावर एक पुस्तक तिच्या हातात दिले आणि म्हटले, "हे पान वाच, मुलांनाही ऐकू दे." तिने पुस्तक लांब धरले, मग आणखी लांब धरले, आणि म्हणाली, "तुम्हीच वाचा, माझ्या डोळ्यांत पाणी येतं." आमची मुलगी बारा वर्षांची. ती पटकन बोलून गेली, "पप्पा, आईला चष्मा सांगितलाय. मे महिन्यात सांगितलाय." मेपासून डिसेंबर. सात महिने. पान कशावरचे होते ते सांगायला लाज वाटते, तुम्ही ओळखलेच असेल.

आम्ही म्हटले, "अगं, मागायचे नाहीस का?"

ती म्हणाली, "मागायचंच असतं, तर निम्मे कशाला दिले असते?"

बंधूंनो, मोर्चात आम्ही पुष्कळ लाठ्या पाहिल्या, पण असा फटका कुठे बसला नाही. त्या रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला. दोघांचे मिळून एकवीस हजार, खर्च साडेदहा हजार. म्हणजे घर रुपयातले पन्नास पैसे खाते. मग प्रत्येकाने आपापल्या रुपयातले पन्नास पैसे द्यावे. आमचे साडेसात हजार, तिचे तीन हजार. तिच्या हातात तीन हजार उरले. पहिल्याच महिन्यात चष्मा आला.

कुणी विचारील, तरी तुमच्याकडे साडेसात उरले आणि तिच्याकडे तीनच, हा न्याय कसा? बरोबर आहे. उरलेले सुद्धा सारखे वाटायचे ठरवले असते तर दोघांच्या हातात सव्वापाच-सव्वापाच राहिले असते. तीही रीत आहे आणि काही घरांत चालते. आम्ही एवढे मोठे मन तेव्हा केले नाही, हे कबूल करतो.

खरे भांडण पैशाच्या आकड्यावर झालेच नाही. भांडण झाले ते घरखर्च कशाला म्हणायचे यावर. आम्ही गावी आईला दरमहा हजार रुपये पाठवत होतो, ते घरखर्चात धरलेले. ती तिच्या आईला तीनशे पाठवायची, ते तिच्या साडेसातशेतून. वाण्याच्या यादीत साखरेखाली आमची तंबाखू. तिच्या पायातली चप्पल मात्र तिची खाजगी. हे तिने एकेक करून दाखवले. आमच्याकडे उत्तर नव्हते. मग दोन्ही आया घरखर्चात आल्या आणि तंबाखू यादीतून बाहेर गेली. तंबाखू अजून सुटलेली नाही, पण स्वतःच्या पैशाची झाली तेव्हापासून कमी झाली आहे.

दुसरी एक गोष्ट भगिनींनी नीट ऐकावी. कोण किती देतो याबरोबर कोण कशाचे पैसे देतो हेही बघा. आमच्या घरी दूध, भाजी, गॅस तिच्या पैशातून आणि फ्रिजचा हप्ता, पोस्टातली आवर्ती ठेव आमच्या पैशातून, असे आपोआप पडून गेले होते. दहा वर्षांनी काय होते? तिचे पैसे पोटात गेलेले असतात, आणि आमच्या पैशाची वस्तू आमच्या नावावर उभी असते. गोव्यात जुन्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात. आपल्याकडे तसे नाही. ज्याच्या नावावर त्याचे. तो जो चौथा भाग राखून ठेवायला सांगितला आहे, तो कुणाच्या नावावर राखला आहे ते आज घरी जाऊन पासबुकावर बघा. दोघांच्या नावांसाठी काय करता येईल ते पोस्टात विचारा.

काही बांधव म्हणतात, नवरा-बायकोत कसले तुझे-माझे? सगळे एका डब्यात टाका. टाका की! पण त्या डब्यातून दोघांना न विचारता पैसे घेता येतात का? आमच्या चाळीत एकत्र डबे पुष्कळ पाहिले, किल्ली मात्र एकाच करदोट्याला.

आणि ज्या माउल्या बाहेर कमवत नाहीत त्यांचे काय? सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ घरच्या बिनपगारी कामात जातो असे निघाले. पुरुषांचा ९७ मिनिटे, आणि तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचाच. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे असे सांगितले. कोर्टाला तो हिशोब बाई गेल्यावर करावा लागतो. आपण ती असताना केला तर काय बिघडेल? तिच्या हातात दरमहा काही रक्कम अशी द्या की जिचा हिशोब तुम्ही विचारणार नाही. शंभर रुपये असले तरी चालतील.

आता पाटी उलटली ती गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमची गिरणी बंद झाली. त्यानंतर आम्ही पाळीवर गेलो नाही. अर्धा पगार, साडेनऊ हजार. तोवर पत्नी कामात कायम झाली होती, तिला अठ्ठावीस हजार. घरखर्च पंधरा हजार. आमच्याच नियमाने आमचा वाटा कमी व्हायला हवा होता. पण तोंडाने "मी कमी देतो" म्हणवेना. बाईला नियम शिकवणे सोपे होते. स्वतःवर आला तेव्हा मिशी आडवी आली. तीन महिने आम्ही निम्मे, म्हणजे साडेसात-साडेसात हजार देत राहिलो, आणि वरच्या गरजेला पतपेढीतून कर्ज काढले. नाक्यावर कुणी विचारले तर सांगायचो, "चाललंय, पगार आहे."

पतपेढीची पावती शर्टाच्या खिशात राहिली आणि धुताना तिच्या हातात आली. तिने ती उन्हात वाळवली, आमच्यासमोर ठेवली आणि विचारले, "तुमचा कुठला चष्मा राहिलाय?"

मग परत कॅलेंडर काढले. साडेसदतीस हजारांत पंधरा हजार म्हणजे रुपयातले चाळीस पैसे. आमचे अडतीसशे, तिचे अकरा हजार दोनशे. तिला दिवसपाळी, आम्ही घरी, तेव्हा पहाटेचे पाणी, भात, भाजी आमच्याकडे आले. भाकरी अजून वातड होते, मुलगी हसते. पण आमच्या वाट्याला घरात कुणी हातभार म्हणत नाही. आम्ही एकदा स्वतःच चुकून म्हणालो, तर पत्नी म्हणाली, "हातभार नाही, वाटा म्हणा."

गेल्या महिन्यात घराचा खर्च चाळीस पैशांत बसला नाही, दोन-तीन पैसे वर गेला. तिचे म्हणणे, दोघांनी वाढवायचे. आमचे म्हणणे, केबल बंद करायची. मुलगी आता कमावती आहे, ती म्हणते माझाही रुपया धरा. कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवले आहे, आज रात्री बसणार आहोत. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवले, तेव्हा थांबतो. जय भीम.