मोरीपाशींचें पदार्थविज्ञान

मनुष्याचें शिक्षण त्याच्या पदवीवरून कळतें. परंतु त्याची जिज्ञासा ओळखावयाची तर तो रिकाम्या वेळीं काय करतो हें पाहावें लागतें. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी गुलाबाचीं कलमें बांधतो, कोणी जुनीं नाणीं घासून त्यांवरील अक्षरें लावीत बसतो. अलीकडे या छंदांत आणखी एकाची भर पडली आहे. दिवसभर कचेरींत हिशेब लिहिणारा एखादा गृहस्थ रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर खोलीचें दार लोटून घेतो, लहानसा मायक्रोफोन पुढें ओढतो आणि पदार्थविज्ञानावर बोलूं लागतो. अशा ध्वनिमुद्रित भाषणास पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ सालीं प्रथम वापरांत आला. या हौशी वक्त्याचे विषयहि घरगुतीच असतात. फुंकर घातल्यानें चहा लवकर कां निवतो? धांवत्या आगगाडीची शिटी शेजारून पुढें जातांच खालच्या सुरांत कां उतरते? त्यास मोबदला मिळत नाहीं. श्रोते किती, याचीहि त्यास फारशी चिंता नसते.

अशा बोलण्यानें ज्ञानाची कांहीं सेवा होते, कीं ती घटकाभराची करमणूकच ठरते? विद्वानांस या मंडळींचें थोडें हसूं येतें. पण एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. केवळ ऐकावयाच्या भाषणांत फळा नसतो, आकृति नसते. वर्गांत एखादें समीकरण लिहून वेळ निभावतां येते. येथें मात्र प्रत्येक पायरी शब्दांनीं चढावी लागते. म्हणून विषय कितपत उमगला आहे याचा येथें खरा कस लागतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं नभोवाणीवरून सामान्य श्रोत्यांसाठीं केलेलीं भाषणें १९५१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञासहि हें काम हलकें वाटलें नाहीं.

मात्र या मार्गावर एक खड्डा आहे. गोड आवाजांत सांगितलेलें कारण श्रोत्यास लगेच पटतें, आणि तें चुकीचें असलें तरी पटतें. नुसत्या अज्ञानापेक्षां हें अधिक घातक आहे. ज्यास ठाऊक नाहीं तो कधीं तरी विचारील. ज्यास उत्तर मिळाल्यासारखें वाटतें तो पुन्हां विचारीत नाहीं. घरांतील लहान मूल तेंच उत्तर ऐकून मोठें होतें आणि पुढें आपल्या मुलांस सांगतें. यावर उपाय एकच: ‘कां’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘किती’ हा प्रश्न विचारणें. माठांतील पाणी पाझरून वाफ होतें, त्या वाफेबरोबर उष्णता जाते, म्हणून पाणी गार होतें, हें शाळकरी मुलगाहि सांगेल. पण वैशाखांत नागपुरास तोच माठ पाणी जितकें गार करतो तितकें मुंबईस कां करीत नाहीं? हवेंत आधींच किती ओल आहे, हें विचारल्यावांचून त्याचें उत्तर मिळत नाहीं.

मोरीपाशीं दिसणाऱ्या भोवऱ्याचें उदाहरण याहून बोलकें आहे. टबाचें बूच काढलें कीं पाणी गरगर फिरत खालीं जातें. उत्तर गोलार्धांत हा भोवरा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें आणि दक्षिण गोलार्धांत कांट्यांच्या दिशेनें फिरतो, व याचें कारण पृथ्वीचें परिवलन होय, असें पुष्कळांकडून ऐकूं येतें. कारण भारदस्त आहे. चक्रीवादळांस तें लागूहि पडतें. परंतु ‘किती’ म्हणून विचारतांच चित्र पालटतें. मुंबई सुमारें १९ अंश अक्षांशावर आहे. परिवलनामुळें तेथील जमीन जागच्या जागीं दिवसाकाठीं सुमारें ११७ अंश वळते. म्हणजे एका मिनिटांत एका अंशाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी. उलट नळाच्या धारेनें पाण्यास दिलेली गति, बूच काढणाऱ्या हाताचा धक्का आणि भांड्याची घडण यांचा परिणाम त्या सूक्ष्म वळणाच्या कितीतरी पट असतो. म्हणून घरांतला भोवरा आज एका दिशेनें फिरतो, तर उद्यां दुसऱ्या.

मग पृथ्वीचा परिणाम खोटाच काय? तसेंहि नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक ॲशर शापिरो यांनीं १९६२ सालीं याविषयींचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. ६ फूट व्यासाच्या सपाट तळाच्या टाकींत त्यांनीं ६ इंच पाणी भरलें. हवेची झुळूक लागूं नये म्हणून वर आच्छादन घातलें, पाणी २४ तास निश्चल ठेवलें, आणि मग तळाचें बारीक छिद्र हलकेच मोकळें केलें. टाकी रिकामी होण्यास सुमारें २० मिनिटें लागलीं. आरंभीं बराच वेळ कांहींच दिसेना. पुढें पाण्यावर तरंगत ठेवलेली लहानशी फुली घड्याळाच्या उलट दिशेनें फिरूं लागली. १९६५ सालीं सिडनी येथें दुसऱ्या संशोधकांनीं असाच प्रयोग केला; तेथें भोवरा घड्याळाच्या दिशेनें फिरला. म्हणजे लोकांत रूढ असलेलें कारण खरें, पण घरच्या मोरीस तें लावणें चुकीचें. हा भेद केवळ मोजमापानें कळला.

असें मोजमाप करावयास मोठी प्रयोगशाळाच हवी, असा कोणाचा समज असेल तर त्यानें आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंचें चरित्र पाहावें. त्यांचा जन्म १८६२ सालचा. त्या काळीं जर्मनींत स्त्रियांस विद्यापीठांचीं दारें बंद होतीं. ब्राउनश्वाइग येथील घरीं आजारी आईवडिलांची शुश्रूषा करावी, स्वयंपाक करावा, भांडीं घासावीं, असा त्यांचा दिनक्रम होता. तेलकट पाण्याच्या पृष्ठभागाचें वागणें निराळें असतें, हें त्यांच्या लक्षांत आलें. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच अशी पत्र्याची पन्हळी त्यांनीं कांठोकांठ भरली, तीवर एक पत्र्याची पट्टी आडवी ठेवली, आणि ती सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करीत त्याचा ताण तराजूनें मोजला. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता. पुस्तकें त्याच्याकडून मिळत. १८९१ सालीं त्यांनीं लॉर्ड रॅले यांस पत्र लिहून आपले निष्कर्ष कळविले. रॅले यांनीं त्या पत्राचें भाषांतर स्वतःच्या शिफारशीसह ‘नेचर’ साप्ताहिकास पाठविलें आणि त्याच वर्षीं मार्चांत तें छापलें गेलें. पुढें आयर्विंग लँगम्यूर यांनीं वापरलेलें उपकरण याच पन्हळीची सुधारलेली आवृत्ति होय. १९३२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९३२ सालीं बाईंस ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठानें सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

रामन यांचेंहि आरंभीचें आयुष्य हौशी संशोधकाचेंच होतें. १९०७ ते १९१७ या काळांत ते सरकारच्या अर्थखात्यांत नोकरीस होते. कलकत्त्यास असतांना कचेरीपूर्वीं आणि कचेरीनंतर ते प्रयोग करीत. प्राध्यापक झाल्यावरहि ती नजर सुटली नाहीं. समुद्राचा निळा रंग हें आकाशाचें प्रतिबिंब, असें दस्तुरखुद्द रॅले यांचें मत होतें. १९२१ सालीं विलायतेहून परततांना रामन यांनीं बोटीवरूनच एका निकोल लोलकांतून समुद्राकडे पाहिलें. त्या लोलकानें पृष्ठभागावरील परावर्तित प्रकाश अडविला, तरी निळाई गेली नाहीं. उलट ती अधिक खुलली. पाण्याचे कण स्वतःच प्रकाश विखुरतात, या विचाराचा माग काढीत ते १९२८ सालच्या आपल्या प्रसिद्ध शोधापर्यंत पोहोंचले. मोठ्या माणसाचें मत देखील त्यांनीं पडताळून पाहिलें, हें येथें विशेष.

रात्रीं मायक्रोफोनपुढें बसणाऱ्या हौशी मनुष्याची योग्यता याच कसोटीवर ठरावी. ऐकीव कारण त्यानें सुबकपणें सांगितलें तर तो केवळ कथेकरी. पण ‘अमुक इतक्या वेळां करून पाहिलें आणि अमुक दिसलें’ असें तो म्हणूं लागला कीं त्याचें भाषण शास्त्राच्या अंगणांत येतें. श्रोत्यांचेंहि कांहीं कर्तव्य आहेच. उद्यां सकाळीं टबांत पाणी भरावें, घटकाभर निवांत राहूं द्यावें, बूच अलगद काढावें आणि भोवऱ्याची दिशा वहींत टिपावी; असें वीस वेळां करावें. डावे किती व उजवे किती हें मोजून झालें म्हणजे घरांतील मुलास तें पान दाखवावें. पदार्थविज्ञानाचा तो पहिला धडा त्यास जन्मभर पुरेल.