सावली केवढी?



सुट्टी म्हटली की समुद्र आलाच! कोणी फ्लिक-आँ-फ्लाकला जाल, कोणी बेल मारला. सुरूच्या झाडांखाली चटई अंथराल, दालपुरी खाल, आणि मग पाण्यात उड्या!

मागच्या वर्षी आम्हीही गेलो होतो. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. सकाळी मी सनस्क्रीनची बाटली पुढे केली. उन्हापासून कातडीचे रक्षण करणारे मलम ते सनस्क्रीन. तो म्हणाला, "आई, मी सावळा आहे. मला कशाला हवे? शिवाय मित्र हसतील." फार आग्रह केला तेव्हा नाकाला एक बोट लावले आणि पळाला. दुपारी तीनपर्यंत पाण्यातच!

रात्री त्याचे खांदे तापले. सदरा अंगाला लागू देईना. पुढे पाठीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघू लागली. सावळ्या रंगामुळे अंगावरची लाली मला आधी दिसलीच नाही.

तुमचे दादा आणि ताईही असेच म्हणतात का? सावळी कातडी उन्हाला जास्त तोंड देते, हे खरे. पण पोळते तीही.

उन्हात अतिनील किरणे असतात. ती दिसत नाहीत, त्यांची ऊबही जाणवत नाही. वारा गार असो, आकाशात ढग असोत, ती येतातच. पाण्यात अर्धा मीटर खालीसुद्धा पोहोचतात. लहानपणी कातडी पुन्हा पुन्हा पोळली, तर मोठेपणी कातडीचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

मग ऊन कडक आहे हे ओळखायचे कसे? आपली सावली बघा. ती तुमच्यापेक्षा लांब असेल, तर खुशाल खेळा. आखूड असेल, तर सावध! आपले मॉरिशस मकरवृत्ताच्या जरा उत्तरेला आहे. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी आणि पुन्हा जानेवारीत, दुपारी बाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा सावली पायांखाली लपते. त्या वेळी झाडाखाली बसून गोष्टी सांगाव्यात.

सनस्क्रीन महाग असते, म्हणून पुष्कळ घरी ते पुरवून पुरवून लावतात. थोडेसे लावून उपयोग नाही. त्यापेक्षा आधी सदरा आणि रुंद काठाची टोपी घाला. उघड्या राहिलेल्या अंगाला मलम भरपूर लावा. बाटलीवर 'एसपीएफ' या अक्षरांपुढे ३० किंवा त्याहून मोठा आकडा हवा. उन्हात जाण्यापूर्वी वीस मिनिटे लावा, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. कान आणि मान सगळेच विसरतात. मीसुद्धा!

यंदा माझा मुलगा स्वतःच बाटली घेऊन आला. पाठीला हात पोहोचेना, म्हणून धाकट्या बहिणीला म्हणाला, "जरा लाव ग."

ती म्हणाली, "थांब दादा, आधी तुझी सावली बघू दे!"