पाऱ्याच्या डोंगरावरील सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या वसंतात मंडळाची सहल कोठे न्यावी, असा विचार चालू आहे. आपल्या सान होजे शहराच्या दक्षिणेला लागून असलेले अल्माडेन क्विकसिल्व्हर काउंटी पार्क मी सुचविते. पार्क म्हटले की फुलांचे वाफे आणि कारंजी डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांतले काहीच नाही. हे चार हजारांहून अधिक एकरांचे डोंगराळ रान आहे. पायी हिंडावे, सायकल चालवावी, कडेच्या जलाशयावर गळ टाकून बसावे, अशी तिन्ही सुखे येथे आहेत. मात्र तिसऱ्या सुखाबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या स्वयंपाकघराशी येतो.

क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. या डोंगरात हिंगूळ सापडतो आणि हिंगूळ भट्टीत तापविला की त्यातून पारा निघतो. येथले मूळ रहिवासी ओलोनी लोक हा लाल हिंगूळ रंगासाठी वापरीत. १८४५ साली आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने त्यातला पारा ओळखला आणि खाण सुरू झाली. स्पेनमधील प्रसिद्ध खाणीवरून तिला न्यू अल्माडेन हे नाव मिळाले. पुढे १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले. दगडमातीतले सोन्याचे कण धरून ठेवायला पारा लागे, त्यामुळे या डोंगराला विलक्षण महत्त्व आले. येथून लोखंडी बाटल्यांत भरून गेलेला पारा दहा लाख बाटल्यांहून अधिक होता!

१८७६ साली मेरी हॅलक फूट नावाची एक चित्रकार लेखिका येथे राहावयास आली. नवरा खाणीवर एंजिनियर, म्हणून बाईने पूर्वेकडचे माहेर सोडले. येथल्या खाणवस्तीचे तिने केलेले वर्णन १८७८ साली मासिकात छापून आले. नवऱ्याच्या नोकरीपायी परमुलखात आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींना ती आपलीच वाटेल. जुन्या 'कासा ग्रांदे' या वाड्यात खाणीचे संग्रहालय आहे. तेही अवश्य पाहावे.

आता खाण बंद आहे, पण पारा गेलेला नाही. भाजलेल्या दगडांचे ढीग पावसाने धुपले आणि ओढ्यांतून तो जलाशयांत उतरला. तळाच्या गाळात, जेथे प्राणवायू कमी, तेथे सूक्ष्म जंतू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. ते शेवाळात शिरते, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत. दर पायरीस त्याचे प्रमाण वाढत जाते. पाणी नितळ दिसते, मासा ताजा फडफडीत असतो, आणि विष मात्र त्याच्या मांसात बसलेले असते. कातडी काढा, हळदमीठ लावा, खरपूस तळा, ते जात नाही.

म्हणूनच ग्वादालूपे, अल्माडेन आणि कॅलेरो या जलाशयांतील मासे कोणीही खाऊ नयेत, असा सरकारी इशारा आहे. येथे मासा धरावा तो केवळ खेळ म्हणून, आणि ओल्या हाताने अलगद गळातून सोडवून लगेच पाण्यात सोडावा. सोळा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

हा धोका सर्वांत अधिक कोणाला? पोटातल्या बाळाला. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली हा रोग उघडकीस आला. तेथे पारा कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेला होता. आईला फारसे काही झालेले दिसत नसे, पण तिने खाल्लेल्या माशांमुळे मूल मात्र जन्मतःच पंगू निपजे. आपल्याकडे गर्भारशीचे डोहाळे कौतुकाने पुरविले जातात. त्या कौतुकात हे ज्ञानही असावे.

याचा अर्थ मासे वर्ज्य करावेत असा मुळीच नाही. गर्भारशीने आठवड्याला दोन-तीन वेळा कमी पाऱ्याचे मासे खावेत, असेच येथील तज्ज्ञ सांगतात. तारली, सामन हे चांगले. शार्क, स्वोर्डफिश आणि किंग मॅकरेल मात्र टाळावेत. हा किंग मॅकरेल आपल्या सुरमईच्याच गोत्रातला, म्हणून बाजारात नाव नीट विचारून घ्यावे.

सहलीविषयी दोन शब्द. फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस उत्तम. डोंगर हिरवे असतात आणि रानफुले येतात. उन्हाळ्यात सावली थोडी, तेव्हा पाणी भरपूर घ्यावे. सायकल ठराविक वाटांवरच चालते. डोक्यावर हेल्मेट हवे, आणि पायी चालणाऱ्यांना व घोडेस्वारांना सायकलवाल्यांनी वाट द्यावी. तीन-तीन पानांच्या पॉयझन ओकला हात लावू नये. मुलांना वाटेवरच ठेवावे, कारण येथे खडखड्या सापही आहेत. जेवणापूर्वी सर्वांनी हात धुवावेत.

डबे आपण घरूनच नेऊ. गळाला मासा लागला तर मुलांना तो पुन्हा पाण्यात का सोडायचा, ते समजावून सांगू. डोंगर दीडशे वर्षांपूर्वीचे देणे अजून फेडीत आहे. ते आपल्या लेकरांच्या ताटात येऊ न देणे आपल्या हाती आहे.