फेकणाऱ्या हाताचा पाया
(नाशिक येथे क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेले भाषण)



शाळेतील गोलंदाजाचा वा भालाफेकपटूचा खांदा दुखू लागला की आपण त्यास आठ दिवस विश्रांती देतो, तेल चोळतो आणि स्पर्धा तोंडावर आली की पुन्हा मैदानात उतरवितो. दुखणे परत येते. विश्रांतीने वेदना शमते, स्नायूंचे बळ वाढत नाही, हे आपण ध्यानात घेत नाही.

शेजारच्या श्रीरामपूरचे झहीर खान यांच्या खांद्यावर २००९ साली शस्त्रक्रिया झाली. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले. त्यांच्या दिमतीस तज्ज्ञ होते. तालुक्याच्या शाळेतील मुलापाशी आपणच आहोत.

सांध्याची रचना पाहा. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, आणि तो ज्या खोबणीत बसतो ती लहान व उथळ. म्हणूनच हात चोहोबाजूंनी फिरतो आणि म्हणूनच सांधा डळमळीतही असतो. माथ्याला खोबणीत धरून ठेवणारे स्नायू चार. वैद्यक त्यांस ‘रोटेटर कफ’ म्हणते. खोबण मात्र आहे फऱ्यावर, म्हणजे पाठीवरील त्रिकोणी, चपट्या हाडावर. हात पूर्ण वर नेताना सुमारे एक तृतीयांश हालचाल या फऱ्याची असते. तो नीट फिरला नाही, तर त्या चार लहान स्नायूंवर भार पडतो. शिवाय चेंडू सुटल्यावर हातास आवर घालतात ते खांद्यामागील स्नायू. आणि आपल्याकडे कौतुक छातीचे व दंडाचे! जोर सारेच मारतात, पाठीकडे कोण पाहतो?

महागडे साहित्य लागत नाही. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजास बांधावी. कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी टेकवावे, ट्यूब धरलेला पंजा सावकाश बाहेर न्यावा व तितक्याच सावकाश परत आणावा. भिंतीवर हात टेकून जोर मारावेत आणि शेवटी कोपर न वाकविता पाठ आणखी थोडी मागे रेटावी. फऱ्यास बरगड्यांशी धरणारा स्नायू त्याने कामास लागतो. हे वेदनेवाचून जमू लागल्यावरच फेक सुरू करावी, तीही जवळून व मोजक्या चेंडूंनी. अंतर आठवड्यांच्या हिशेबाने वाढवावे. चेंडू मोजून वहीत लिहिण्याचे काम संघातील राखीव खेळाडूस द्यावे. तो आनंदाने करतो. रात्री झोप मोडणारी वेदना, हात वर न जाणे वा मुंग्या येणे दिसल्यास मात्र व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

ट्यूब मी आणली आहे. पुढच्या रांगेतील दोघांनी वर यावे, करूनच पाहू.