नागभीडची गाडी आमच्या मागच्या खोलीत

आज पापड-लोणचं नाही, कर्जाचा हप्ताही नाही. आज खेळाबद्दल बोलू. आम्ही नागपूरच्या पाच जणी दर शनिवारी दुपारी एकीच्या मागच्या खोलीत जमतो आणि रेल्वे चालवतो. लाकडी फळीवरची, हातात मावेल एवढी. पण गाडी खरी: इतवारी ते नागभीड.

तुमच्यापैकी कितीतरी जणी तिच्यात बसल्या असाल. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. कुही, उमरेड, भिवापूर करत ती डुलत जायची. 2019च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. साडेपाच फुटांचा रूळ आला की गाडी वेगाने धावेल, डबे मोठे असतील. ते व्हायलाच हवं. पण भाजीच्या टोपल्या कोणत्या स्टेशनावर चढायच्या, कोण कुणासाठी जागा धरायची, हे वेळापत्रकात छापलेलं नसतं. ते आपल्या आया-सासवांना ठाऊक आहे, आणि त्या थकत चालल्या आहेत. म्हणून आम्ही ही गाडी बनवायला घेतली.

आधी हिशेब. खऱ्या वस्तूच्या 87 पट लहान, असं माप जगभर चालतं. त्या मापाने पाच फुटांची बाई पावणेदोन सेंटिमीटरची होते. अडीच फुटांचा रूळ नऊ मिलिमीटरचा होतो, आणि त्या रुंदीचा खेळण्यातला रूळ तयार मिळतो. पण 106 किलोमीटरची वाट 87 पट लहान केली तरी सव्वा किलोमीटर भरते! आमची फळी आठ फूट बाय चार. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं? यावर आम्ही तीन शनिवार भांडलो. शेवटी एकीची सासू म्हणाली, "जिथं बायका उतरायच्या, ती स्टेशनं ठेवा." चार ठेवली. भिवापूरच्या फलाटावर मिरचीची पोती आहेत, लाल रंगाच्या कापडाची.

इंजिन आणि रूळ भिशीच्या पैशातून आणले. डबे पुठ्ठ्याचे, झाडं वाळक्या काटक्यांची, गवत रंगवलेल्या भुशाचं. रुळाखालची गिट्टी म्हणजे चाळलेली वाळू. ती पसरायची, फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून ते वरून थेंबाथेंबाने सोडायचं. साबणामुळे पाणी वाळूत मुरतं, सकाळी गिट्टी घट्ट.

विजेचं नीट ऐका. घरातली 230 व्होल्टची वीज थेट रुळाला कधीच लावायची नाही. मधे तयार मिळणारा पॉवर पॅक लागतो. तो 12 व्होल्टपर्यंतची वीज देतो. एका रुळातून वीज येते, मोटरमधून जाते आणि दुसऱ्या रुळाने परतते. तारा उलटसुलट केल्या की गाडी मागे फिरते. धुळीने वीज अडते, म्हणून खेळाआधी रूळ कोरड्या फडक्याने पुसायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात धातू फुगतो, तेव्हा रुळांच्या जोडात कागदाएवढी फट ठेवायची. खऱ्या रुळांतही अशी फट ठेवत आले आहेत.

आता चालवणं. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून रेल्वेत टोकनचा गोळा असायचा. तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाकडे निघत नसे. आमच्याकडे गोळ्याऐवजी काचेचा कंचा आहे. ज्या ड्रायव्हरीणबाईच्या हाती कंचा, तिचीच गाडी सुटणार. एक जण स्टेशन मास्तर, एक सांधे बदलणारी, एक चिठ्ठ्या काढणारी. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'भिवापूरहून मिरचीचा डबा इतवारीला' किंवा 'उमरेडला रिकामा डबा सोडा'. मग डबा कसा काढायचा, कुठल्या रुळावर उभा करायचा, यात तास कसा जातो कळत नाही. दर शनिवारी कामं बदलतात. आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी आता स्टेशन मास्तर झाली की मोठ्याने सांगते, "कंचा मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही!"

"या वयात पोरींसारखं काय खेळता?" असं आम्हाला विचारलं गेलं. पारावर पुरुषांचे पत्ते रंगतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. बाईच्या रिकाम्या तासावर मात्र सगळ्यांचा डोळा. आमच्या त्या दोन तासांत कुणाच्या घरचं काम अडलं नाही. उलट घरातल्या पोरी आता सोल्डरिंगची कांडी सराईतपणे धरतात.

कुणाला पाहायचं असेल तर नागपुरात मोतीबागेला नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, 2002 साली सुरू झालेलं. तिथे या लहान रुळांची खरी इंजिनं जवळून दिसतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं ते काम 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे.

तुमच्या गटाला रेल्वेच हवी असं नाही. गावचा बंद पडलेला बाजार, बुजलेली विहीर, धरणात गेलेली वस्ती, पुठ्ठ्यावर काहीही उभं राहतं. पण त्याआधी म्हाताऱ्या बायांना विचारून घ्या, कुठे काय होतं ते. पुठ्ठा बाजारात कधीही मिळतो. सांगणारी मात्र आज ओसरीवर बसली आहे, तिला आजच विचारा.