पडते, डुलते, उठते

हेडफोन लावलेत ना? आज गप्पा एका बाहुलीवर.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप त्याच दिवशी परत. पुण्यातली रूम सोडून राहुरीकडे गावी आलो. निघताना मित्राने हातात जपानी दारुमा ठेवला. लाल, गोल, हात नाहीत, पाय नाहीत. ढकलला की परत उभा. बोधिधर्मावरून त्याचं नाव पडलं. जपानी लोक म्हणतात, सातदा पडा, आठदा उठा. खरं सांगू? मला त्याचा रागच आला. पडलेल्याला 'ऊठ' म्हणायला काय जातं?

मग कळलं, अशी बाहुली आपल्याही नात्यातली आहे. तंजावरची राजा-राणी! बूड जड आणि गोल, म्हणून पडत नाही. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले, आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. हेच शहाजीराजे १६२४ मध्ये आपल्या नगरजवळ भातवडीला लढले होते. राज्य गेलं, बाहुली अजून डुलतेय.

पुतणीसोबत मी अंड्याच्या टरफलाची एक केली. आत वाळू भरली, ढकलली, तर आडवीच पडून राहिली! वाळू घरंगळून त्याच बाजूला गेलेली. मग मेणबत्ती वितळवून वरून मेण ओतलं. वाळू तळाशी घट्ट बसली आणि जमलं. कलंडली की तळाचं वजन वर उचललं जातं, ते खाली यायला बघतं, म्हणून ती उठते. स्वतः जोर लावत नाही बिचारी. आणि लगेच सरळही होत नाही, बराच वेळ नुसती डुलत बसते. हे मोटिव्हेशनवाल्या रील्समध्ये कुणी दाखवत नाही.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, मला काहीच समजावलं नाही. फक्त पहाटे पाचला हाक यायची, "ऊठ रे, धारा काढायच्यात." रोज. गायीला कुठला रविवार? सहा महिने माझी तेवढीच एक वेळ पक्की होती. बाकी दिवसाचं काही खरं नसायचं. कधी दहा अर्ज, कधी नुसतं पत्र्याकडे बघत पडणं.

आता नोकरी आहे, पगार आधीपेक्षा कमी. अंड्याची बाहुली पुण्याला आणताना एसटीत फुटली. पुतणीला अजून सांगितलेलं नाही.

पिल्लू, ऐकत असशील तर सॉरी. शनिवारी येतोय, अंडी आणून ठेव.